वाफ्याला शिंकं हवं

इथे आयर्लंडमध्ये सेंट पॅट्रिक्स डेला, म्हणजे १७ मार्चला, पहिले बटाटे जमिनीत घालायची जुनी रीत आहे. मेथीला तेवढा गारठा मानवत नाही, म्हणून आमच्या घरी एप्रिल संपायची वाट बघितली जाते. यंदा मे लागता लागता एक कोरडा आठवडा मिळाला. मागच्या अंगणातला वाफा मी खणला, ढेकळं फोडली, दगड वेचले आणि दंताळं फिरवून माती अगदी रव्यासारखी केली. निम्म्या वाफ्यात मेथी, उरलेल्यात धणे रगडून पेरले. शेवटी हात झटकून फोटो काढला आणि आईला पाठवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेले, तर वाफ्यात चार खड्डे. मेथीचे दाणे लॉनवर उडालेले. एका खड्ड्यावर माती व्यवस्थित ओढून केलेला छोटा उंचवटा होता. त्याखाली काय होतं, ते सांगायला नको.

परदेशात अंगणात भाजी लावणाऱ्या प्रत्येक मराठी घरात ही कथा थोड्याफार फरकाने घडलेली असते. पुढचा भागही सारखाच असतो. आपण चिडतो, शेजाऱ्यांना नावं ठेवतो, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारतो आणि दहा मिनिटांत पंधरा उपाय येऊन पडतात. मी त्यातले बरेचसे करून बघितले, काहींबद्दल वाचलं, आणि आता माझं एक ठाम मत झालं आहे. मांजर हाकलायचे उपाय शोधण्यात वेळ घालवू नये. वाफा बंद करावा. तो आपला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर स्वस्त आहे. मांजरांची संख्या हा प्रश्न मात्र एकट्याचा नाही, सगळ्या गल्लीचा आहे, आणि तिथे गप्प बसणं बरोबर नाही.

शेवटचा उपाय नेहमी लागू पडतो

ग्रुपवर आलेली यादी अशी होती: संत्र्याची सालं, कॉफीचा चोथा, हिंगाचं पाणी, मिरचीपूड, डांबरगोळ्या, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारं यंत्र, मांजरांना न आवडणारं कोलियसचं रोप, आणि आपल्याकडे सोसायटीच्या फाटकाशी कुत्र्यांसाठी ठेवतात त्या रंगीत पाण्याच्या बाटल्या. गंमत म्हणजे प्रत्येक उपायामागे 'आमच्याकडे शंभर टक्के फरक पडला' असं सांगणारं कोणीतरी होतं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना फरक खरंच दिसला होता. प्रश्न असा, की तो कशाने पडला?

मी सालं टाकली, आणि पुढचे चार दिवस मांजर फिरकलं नाही. मी खूष. पाचव्या दिवशी पुन्हा खड्डा. मग लक्षात आलं की सालं टाकली त्याच संध्याकाळी पाऊस सुरू झाला होता आणि चार दिवस रिपरिप चालू होती. मांजराला ओली, चिकट माती खणायला आवडत नाही. पाऊस थांबला, वरचा थर सुकला, मांजर परत आलं. सालं तिथेच होती.

डब्लिन आणि पुणे या दोन्ही शहरांत वर्षाला साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. हे सांगितलं की इथले आपले लोक विश्वास ठेवत नाहीत. फरक वाटणीत आहे. पुण्यात तो बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथे बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. म्हणजे इथे तुम्ही कधीही कुठलाही उपाय करा, दोनचार दिवसांत पाऊस येण्याची शक्यता मोठी. श्रेय मात्र सालांना, हिंगाला नाहीतर बाटलीला मिळतं.

दुसरं कारण आणखी मजेशीर आहे. मांजर येतं ते उघड्या मातीसाठी. मेथी आठवड्याभरात उगवते आणि महिन्याभरात वाफा झाकून टाकते. वाफा झाकला गेला की मांजराचा त्यातला रस संपतो. आपण पहिल्या आठवड्यात एक उपाय करतो, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा. जो उपाय चालू असताना रोपं दाटतात, तोच 'रामबाण' ठरतो. म्हणून शेवटचा उपाय नेहमी लागू पडतो. सर्दीच्या सातव्या दिवशी घेतलेल्या काढ्याचं जे होतं, तेच इथे होतं.

यावर साधी तोड म्हणजे तुलना. पुढच्या पेरणीत मी वाफ्याच्या मधोमध सुतळी ताणली, एका अर्ध्यात सालं टाकली, दुसरं तसंच ठेवलं. पावसात दोन्ही अर्धे शाबूत राहिले, कोरड्यात दोन्हीकडे खड्डे पडले. एका वाफ्याचा प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे, पण संत्र्यांवरचा माझा विश्वास उडायला तेवढा पुरला.

यंत्रं, वास आणि मिरचीपूड

आवाजाच्या यंत्राची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण त्यावर खरोखर नीट चाचण्या झाल्या आहेत. माणसाला वीस किलोहर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, मांजराला साठ किलोहर्ट्झच्याही वरचा येतो. उंदरांची पिल्लं त्याच पट्ट्यात चिरकतात, त्यामुळे शिकाऱ्याचे कान तिथपर्यंत पोचले आहेत. २००६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी असं एक यंत्र अनेक बागांत लावून बघितलं. कुठल्या बागेतलं यंत्र चालू आहे आणि कुठलं नुसतंच उभं आहे, हे निरीक्षण करणाऱ्यांना माहीत नव्हतं. दोनपैकी एका प्रयोगात मांजर बागेत शिरण्याची शक्यता सुमारे ३२ टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात तसा फरक दिसला नाही. मांजर बागेत किती वेळ थांबतं, तो वेळ मात्र दोन्ही प्रयोगांत कमी झाला. एकूण काय, यंत्र अगदीच थोतांड नाही, पण तीनातलं एक मांजर कमी होऊन मेथी वाचत नाही. शिवाय वीस किलोहर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. इतक्या आखूड लहरी पानांनी आणि कुंड्यांनी अडतात, वळसा घालून पलीकडे जात नाहीत. कोबीच्या आड बसलेल्या बोक्याला तुमचं यंत्र फारसं ऐकूच येत नसेल.

कोलियस आपल्या ओव्याच्या पानाचं भावंड. भज्यांना वापरतो तो पानओवा याच कुळातला. त्याचा उग्र वास मांजरांना नको वाटतो असं म्हणून ते रोप इथल्या नर्सऱ्यांत विकतात. पण ते हिवाळ्यातल्या हिमाने मरतं आणि कुठल्याही वासाला मांजर हळूहळू सरावतं. कुंडीत हौसेने लावा, राखणदार म्हणून नको.

आता मिरचीपूड. इथे मात्र मी विनोद बाजूला ठेवते. मिरचीतलं कॅप्सेसिन मांजराच्या पंजाला लागतं, मांजर पंजा चाटतं, त्याच पंजाने तोंड आणि डोळे पुसतं. आपण मिरच्या चिरून डोळ्याला हात लावला की काय होतं ते आठवा. त्या प्राण्याला डोळे धुवायला नळ नाही. डांबरगोळ्यांचं तर त्याहून वाईट. नॅफ्थलिन विषारी आहे, आणि मांजराच्या यकृतात काही रसायनं निकामी करणारं एक विकर जवळपास नसतंच. आपण सहज पचवतो ती पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, ती याच कारणाने. नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्या युरोपीय संघात २००८ पासून बाजारातून गेल्या, तरी भारतातून येणाऱ्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमधून त्या अजून येतात. त्या मातीत टाकायच्या, आणि त्याच मातीतली भाजी आपण खायची? कॉफीच्या चोथ्यातलं कॅफिनही कुत्र्या-मांजरांना घातकच.

हे निव्वळ भूतदयेपोटी सांगत नाही. आयर्लंडच्या २०१३ च्या प्राणी आरोग्य आणि कल्याण कायद्यात क्रूरतेला जास्तीत जास्त अडीच लाख युरो दंड आणि पाच वर्षं कैद अशी तरतूद आहे. व्हिसाच्या भरवशावर राहणाऱ्या माणसाने शेजारच्या मांजराला विषबाधा केली म्हणून गार्डांसमोर उभं राहणं, एवढ्या किमतीची मेथी कुठेच मिळत नाही.

भीती किती बाळगायची

मला या विषयावर लिहावंसं वाटलं ते खड्ड्यांमुळे नाही, एका जुडीमुळे. पहिल्या पेरणीतली जी मेथी-कोथिंबीर वाचली, ती मी हौसेने चार घरी वाटली. त्यातल्या एका मैत्रिणीला तिसरा महिना लागला होता. चार दिवसांनी तिचा फोन आला, 'अगं, तुझ्या वाफ्यात मांजर येतं म्हणत होतीस ना? मी कोथिंबीर कच्चीच खाल्ली गं.' माझ्या पोटात खड्डा पडला. ते मला आधी सुचायला हवं होतं.

तिच्या मनात होतं ते टॉक्सोप्लाझ्मा. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला, म्हणून त्याचं आडनाव गोंडी. तो शिरू शकतो जवळपास कुठल्याही सस्तन प्राण्यात आणि पक्ष्यात, पण त्याचं लैंगिक चक्र पुरं होतं ते फक्त मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात. हे कळायला १९७० उजाडलं. आणि असं का, याचं उत्तर तर २०१९ साली विस्कॉन्सिनमधल्या संशोधकांनी दिलं. लिनोलेइक आम्ल मोडणारं एक विकर मांजराच्या आतड्यात काम करत नाही, तिथे ते आम्ल साठतं आणि परजीवीला नेमकं तेच हवं असतं. आयर्लंडमध्ये रानमांजरं नाहीत. म्हणजे इथल्या मातीत या परजीवीची जी अंडी आहेत, ती आपल्या घरांच्या आणि गल्लीतल्या मांजरांनीच टाकलेली. तांत्रिक भाषेत त्यांना ऊसिस्ट म्हणतात, मी सोयीसाठी अंडी म्हणते.

आता घाबरण्याआधी पुढचे आकडे नीट बघा. मांजर ही अंडी जन्मभर टाकत नाही. पहिल्यांदा संसर्ग झाला की एक ते तीन आठवडे, लाखोंच्या संख्येने, आणि मग बहुतेक वेळा थांबतं. हे घडतं ते मुख्यतः शिकार करायला नुकत्याच लागलेल्या पिल्लांत. ताजी विष्ठा लगेच धोक्याची नसते, अंडी पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून दिसली की त्याच दिवशी हातमोजे घालून उचलून टाकणं हा खरा उपाय आहे. नंतर मात्र ती ओल्या, थंड मातीत वर्षभराहूनही जास्त टिकतात आणि इथल्या गोठणाऱ्या रात्रींना दाद देत नाहीत. कोरडी उष्णता त्यांना मारते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात त्यांचं जे होईल, ते डब्लिनच्या मे महिन्यात होत नाही.

२००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सहा युरोपीय शहरांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास छापून आला. टॉक्सोप्लाझ्माचा नवा संसर्ग कुठून झाला असावा, याचा त्यात शोध होता. ३० ते ६३ टक्के संसर्गांचं मूळ कच्च्या, अर्धवट शिजलेल्या किंवा खारवलेल्या मांसात निघालं, ६ ते १७ टक्क्यांचं मातीच्या संपर्कात. आणि घरात मांजर असणं, हा स्वतंत्र धोका दिसलाच नाही. म्हणजे मांजराला मांडीवर घेण्यापेक्षा मातीचे हात तोंडाला लावणं जास्त धोक्याचं. आपल्यातल्या शाकाहारी घरांत मांसाची वाट आपोआप बंद आहे. मग उरते ती माती आणि न धुतलेली पालेभाजी. तिथे आपण काळजी घ्यायला हवी.

फोडणीत शिजलेली मेथी, पराठा, आमटी यांना काही होत नाही, शिजवताना अंडी मरतात. प्रश्न कोशिंबिरीचा, आणि आपल्या प्रत्येक पदार्थावर शेवटी भुरभुरणाऱ्या कोथिंबिरीचा. ती वाहत्या पाण्यात चोळून, पान न् पान धुवायची. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. गरोदर बाईने अशा वाफ्यातली कोथिंबीर शिजवूनच खावी आणि मातीत हात घालायचा तर हातमोजे घालावेत. इथली आरोग्यसेवाही गरोदर बायकांना हातमोजे घाला, भाज्या धुवा आणि मांजराच्या मातीची पेटी दुसऱ्या कोणाला साफ करू द्या, असंच सांगते.

आयर्लंडमध्ये गरोदरपणात याची सरसकट तपासणी होत नाही. फ्रान्सने ती अनेक दशकं केली. मैत्रिणीने डॉक्टरांना सांगून रक्त तपासून घेतलं. तिला संसर्ग झालेला नव्हता, आता नाही आणि आधीही नाही. हे ऐकून आम्ही हुश्श केलं, पण डॉक्टरांनी तिला दुसरी बाजू सांगितली. ज्यांना पूर्वी कधीतरी संसर्ग होऊन गेलेला असतो, त्यांच्या बाळाला सहसा धोका नसतो. जिला तो कधीच झालेला नाही, तिनेच पुढचे सहा महिने जपायचं. ती बातमी चांगली होती आणि सावध राहायलाही सांगत होती. तेव्हापासून जुडी देताना मी दोन वाक्यं सोबत देते: मांजर येतं, आणि कच्ची खाऊ नका.

आईने सांगितलेलं शास्त्र

आता उपाय. खड्ड्यांचा फोटो बघून आईने सांगलीहून एका वाक्यात उत्तर दिलं होतं, 'अगं, काट्या घाल की.' आपल्याकडे शेताला बाभळीच्या, बोरीच्या काट्या लावतात, हे मी लहानपणापासून बघितलं होतं. डब्लिनमध्ये ते मला सुचलं नाही, कारण मी उपाय मोबाइलवर शोधत होते.

मांजराला काय हवं असतं ते बघितलं की आईचं म्हणणं पटतं. घरगुती मांजर हे आफ्रिकेतल्या आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचं वंशज. सायप्रसमध्ये माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, ते सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं. कोरड्या मुलखातल्या या प्राण्याला विष्ठा पुरायला भुसभुशीत, कोरडी, मोकळी जागा लागते. बसायला, गोल फिरायला आणि पुढच्या पंजांनी खणायला वीतभर रिकामी जमीन लागते. आपण बी पेरण्यासाठी जी जमीन तयार करतो, ती नेमकी तशीच असते. मांजर खोडसाळ नाही. त्याच्या नजरेने मी एक उत्तम संडास बांधून दिला होता आणि वर रागावतही होते.

तेव्हा करायचं एवढंच, की त्याला बसायला जागा ठेवायची नाही. पेरणी झाली की त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरायची आणि कडा विटांनी दाबायच्या. मेथी त्या भोकांतून वर येते. जाळी नको असेल तर हॉलीच्या, गुलाबाच्या किंवा ब्लॅकबेरीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या एकमेकींत गुंतवून पसरायच्या. इथे १ मार्च ते ३१ ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीसाठी रानातली झुडपं आणि शेताच्या कडेची कुंपणं छाटायला कायद्याने मनाई आहे, म्हणून या काट्या हिवाळ्यातच जमवून ठेवाव्यात. माळावर एकट्या उभ्या असलेल्या हॉथॉर्नला मात्र हात लावू नका, ते परींचं झाड मानतात. आपल्याकडच्या मुंजाच्या पिंपळासारखंच ते.

कोवळ्या पालकासाठी पाण्याच्या निळ्या पाइपच्या कमानी करून त्यावर नेट ताणलं तर पांढऱ्या फुलपाखरांपासून कोबीही वाचतो. नेट सैल सोडू नये. त्यात पक्षी आणि साळूसारखे दिसणारे इथले हेजहॉग अडकून मरतात, आणि हेजहॉग संरक्षित प्राणी आहे. रोपं थोडी दाट लावायची, संध्याकाळी वरचा थर ओला करायचा. हालचाल टिपून पाणी उडवणारा स्प्रिंकलरही चालतो, पण तो पोस्टमन आणि सासरे यांच्यातही भेद करत नाही.

शेवटचा उपाय सगळ्यांना विचित्र वाटतो. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, शेडच्या मागे, मी हातभर जागेत कोरडी वाळू आणि सुकी माती टाकली. मांजरासाठी. दोन दिवसांआड ती खुरप्याने साफ करते. वाफा बंद आणि तिथे सोय, असं दोन्ही मिळून जमलं. जाळीमुळे जमलं की वाळूमुळे, हे मला सांगता येणार नाही. या वेळी मी सुतळी ताणली नव्हती.

खर्च कोणी करायचा

यावर माझ्या नवऱ्याचा आक्षेप सरळ आहे. मांजर त्यांचं, घाण त्याची, आणि जाळीचे पैसे आपले? आक्षेप खोटा नाही. कुत्र्याला इथे परवाना लागतो, चिप लागते. मांजराला यातलं काहीच लागत नाही. ते कुठे फिरतं याचा जाब कोणी देत नाही.

पण दाद मागायची कोणाकडे? मी धीर करून पलीकडच्या घरी गेले. सत्तरीच्या बाई. त्यांनी चहा दिला, हवेबद्दल बोलल्या आणि म्हणाल्या, 'ती माझी नाही, फक्त जेवायला येते.' कोपऱ्यावरच्या घरीही हेच उत्तर मिळालं. त्यापुढच्या घरीही. तीन घरी जेवणारी, तीन नावांची आणि कोणाचीच नसलेली मांजर, आणि तिचं पोट दिसायला लागलं होतं.

मध्ययुगीन आयर्लंडचे कायदे या बाबतीत आपल्यापेक्षा स्पष्ट होते. घुरघुर करणारं आणि उंदरांपासून घर राखणारं मांजर तीन गाईंच्या मोलाचं, नुसतंच घुरघुर करणारं दीड गाईचं. आणि त्याच ग्रंथांत असाही नियम आहे, की स्वयंपाकघरात हलगर्जीपणाने उघडं राहिलेलं अन्न मांजराने खाल्लं तर दोष मांजराचा नाही. हे वाचून मला आजीच्या घरातलं शिंकं आठवलं. दूध-लोणी मांजराच्या तोंडी लागू नये म्हणून कोणी मांजराला समजावत बसलं नाही, की मिरचीपूड टाकली नाही. हंडी आढ्याला टांगली. आणि शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं, तर लोक हसले ते शिंकं न बघणाऱ्यावर. जाळी हे माझ्या वाफ्याचं शिंकं आहे. ते मी बांधायचं. दोन विटा आणि दहाबारा युरोंची जाळी, पाचसहा वर्षं टिकणारी. त्यासाठी गल्लीत वैर धरणं मला परवडत नाही. अडीअडचणीला माझ्या घराची किल्ली त्याच बाईंकडे असते.

मांजरांच्या संख्येचं तसं नाही. मांजर पाचव्या महिन्यात गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते आणि वर्षात दोन-तीन वेळा वेत होऊ शकतात. अंडी टाकतात ती मुख्यतः शिकारीला लागलेली पिल्लं, हे वर आलंच आहे. म्हणजे गल्लीतल्या मातीचं आरोग्य गल्लीतल्या पिल्लांच्या संख्येशी बांधलेलं आहे. 'मांजरं आहेत म्हणून उंदीर नाहीत' ही समजूतही तपासून बघावी. न्यूयॉर्कमध्ये एका कचऱ्याच्या केंद्रात संशोधकांनी ७९ दिवस कॅमेऱ्याने पाळत ठेवली, आणि भटक्या मांजरांनी मारलेले मोठे उंदीर निघाले दोन. त्यांना छोटी, सोपी शिकार आवडते, म्हणजे पाखरं आणि चिचुंद्र्या.

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न आपल्याकडे उंदरांना पडला होता. इथे तो माणसांना पडतो. मी ठरवलं की मीच विचारायचं. पुन्हा त्या तीन घरी गेले, या वेळी तक्रार घेऊन नाही, थालीपीठ घेऊन. म्हटलं, ती कोणाचीच नाही, तर आपल्या सगळ्यांची समजू या आणि शस्त्रक्रियेचा खर्च चार घरांत वाटू. तिघांनीही होकार दिला. बहुधा कोणीतरी विचारायचीच वाट बघत होते. या वेळची पिल्लं झाली, त्यांना घरं मिळाली, आणि नंतर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने तिची नसबंदी झाली. आता तिच्या कानाचं टोक कापलेलं आहे, ती खूण.

आपण बाहेरून आलेली माणसं. इथे शेजाऱ्यांशी पहिलं बोलणं तक्रारीचं नको, असं वाटून आपण गप्प बसतो आणि मनातल्या मनात कुढत राहतो. मग एखाद्या रात्री हातात मिरचीपुडीचा डबा येतो. त्याआधीचे दोन रस्ते मला महत्त्वाचे वाटतात: आपल्या आवारात आपल्या हातात आहे ते मुकाट्याने करणं, आणि जे एकट्याच्या हातात नाही त्यासाठी दार वाजवणं.

या आठवड्यात मेथीची दुसरी पेरणी केली. जाळी अंथरली, विटा ठेवल्या. मांजर शेडच्या छपरावर बसून सगळं बघत होती. आईला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, 'काट्या बऱ्या होत्या. जाळी कशाला विकत आणलीस?'